अकरा सेकंदांचा दृश्य-परिणाम

देवानंद इंगळेला आयुष्यातला पहिला पुरस्कार मिळाला तेव्हा तो अकोल्यातल्या आपल्या दुकानात एका गिऱ्हाइकाचा रहिवासी दाखला लॅमिनेट करत होता. फोन अमरावतीहून होता. पलीकडच्या बाई फार शुद्ध आणि फार गोड बोलत होत्या. त्यांचं नाव प्राजक्ता. पुण्यात त्यांची चित्रपटांसाठी संगणकावर दृश्यं बनवणारी कंपनी होती आणि यंदा अमरावतीच्या एका नव्या पुरस्कारासाठी त्या परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. वर्षभरात वऱ्हाडात झालेले सगळे चित्रपट त्यांनी पाहिले होते. हा पुरस्कार फक्त पडद्यामागच्या लोकांसाठी होता. नट-नट्यांना त्यात जागा नव्हती.

"'जावई आला मोर्शीवरून' या चित्रपटासाठी तुम्हाला पुरस्कार जाहीर करताना आम्हाला अतिशय आनंद होतो आहे," बाई म्हणाल्या.

देवानंदनं डोळे मिटले. लग्नाच्या व्हिडिओंची कामं सांभाळून, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून त्यानं तो चित्रपट अकरा महिने कापला आणि जोडला होता. संकलन! शेवटी कुणीतरी ते पाहिलं होतं.

"सर्वोत्कृष्ट दृश्य-परिणाम!" बाई म्हणाल्या.

"कायचे परिणाम?"

"व्हीएफएक्स हो. ती गच्चीवरची म्हैस. मी ते दृश्य बावीस वेळा पाहिलं. ओलं नाक, पापणीची उघडझाप, आणि ती कानावरची माशी! देवानंदजी, आमच्या चित्रपटात तीनशे घोडे आहेत, पण एकालाही असे डोळे नाहीत. आणि हो, समारंभात प्रत्येक विजेत्यानं दहा मिनिटं आपल्या कामाचं प्रात्यक्षिक दाखवायचं आहे. तुमचं प्रात्यक्षिक सगळ्यात शेवटी ठेवलंय. लोक थांबले पाहिजेत ना!"

फोन बंद झाला. गिऱ्हाइकाचा दाखला तोवर मशीनमधून पापडासारखा फुगून बाहेर आला होता.

त्याची बायको वर्षाली दुकानातच पासपोर्ट फोटो कापत बसलेली असे. तिनं सगळं ऐकून कात्री खाली ठेवली.

"अवो, पन म्हैस तं खरी होती न?"

"खरीच होती."

"मंग बक्षीस कायचं भेटून राहिलं?"

"ते खोटी होती म्हनून."

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हिवरखेडला चित्रीकरण चाललं होतं. नायिका सासरच्या अंगणात उभी राहून रडते आणि म्हणते, 'या घरात माह्यं ऐकनारं कोनीच नाई काय?' असा प्रसंग होता. शेजारच्या तानुबाईंची म्हैस मोगरा दावं तोडून कधी निघाली ते कुणालाच कळलं नाही. गच्चीवर कडबा रचलेला होता. त्या वासानं ती बाहेरच्या जिन्यानं वर चढली आणि नायिकेचं वाक्य संपायला आणि मागे गच्चीच्या कठड्यावरून मोगराचं डोकं हळूहळू वर यायला एकच गाठ पडली. म्हैस चढते, पण उतरत नाही. तिला खाली आणायला बारा माणसं, पायरीपायरीवर ठेवलेली सरकीची ढेप आणि डोळ्यांवर बांधायला तानुबाईंचं जुनं लुगडं एवढं लागलं. या गडबडीत त्या दृश्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. ते देवानंदला सापडलं थेट संकलनाच्या वेळी. त्यानं ते अकरा सेकंद तसंच ठेवलं, आणि थिएटरात त्या अकरा सेकंदांना शिट्ट्या पडल्या.

अडचण निघाली होती ती त्याआधी, सेन्सॉरच्या सर्टिफिकेटच्या वेळी. चित्रपटात प्राणी दिसत असेल तर परवानगीचा कागद जोडा, असं फॉर्मवर छापलेलं होतं. मोगरानं चढताना परवानगी घेतली नव्हती. चित्रपटाचा निर्माता, दिग्दर्शक आणि लेखक असा तिन्ही अंगांनी एकटाच असलेला गोपाल तेव्हा मुंबईला होता. तिथल्या कुणा एजंटानं त्याला सल्ला दिला, 'संगणकावर बनवली म्हणून लिहून टाका.' गोपालनं लिहून टाकलं. मग संगणकावर बनवणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. गोपालच्या ओळखीत संगणक असलेला माणूस एकच होता.

पुरस्काराचा फोन आल्यावर देवानंदनं गोपालला तातडीनं हिवरखेडहून बोलावून घेतलं.

"काय टेन्शन घेऊन राहिला बे," गोपाल म्हणाला. तो आनंदानं फुलला होता, कारण त्याच चित्रपटाच्या ध्वनीसाठी त्यालाही पुरस्कार होता. "जा, शाल घे, ट्रॉफी घे, फोटो काढ अन् वापस ये. तोंड उघडू नको."

"उघडाच लागते. दहा मिनिटं प्रात्यक्षिक आहे. त्यापेक्षा मी खरं सांगून टाकतो."

"सांग. मंग सिनेमा उतरते, मी आत जातो, अन् माह्या मागं तू येतो. कागदावर सही माही आहे, पन नाव तुह्यं आहे." गोपालनं आवाज खाली आणला. "अन् पुरस्कार भेटला म्हनून अकोल्या-अमरावतीचे दोन थेटरवाले सिनेमा पुन्हा लावून राहिले. लोक कायच्यासाठी येतीन? म्हशीसाठीच येतीन न?"

देवानंद घरी येऊन नुसता बसून राहिला. शेवटी वर्षालीनंच इंटरनेटवरून फुकटातली एक संगणकी म्हैस उतरवून घेतली. ती परदेशी निघाली. अंगभर केस, छातीपर्यंत दाढी आणि पाठीवर हा एवढा उंचवटा.

"हे म्हैस आहे काय?" देवानंद म्हणाला. "अस्वलाचा मामा दिसते हा."

"आपन दाढी करू त्याची," वर्षाली म्हणाली.

दोघांनी चार दिवस खपून तिची दाढी केली, उंचवटा खाली दाबला, शिंगं वाकवली. शिंगं वाकवली की मागचे पाय ताठ होत. पाय नीट केले की ती आडवी होई. शेवटी निम्मी-अर्धी म्हैस घेऊन दोघं अमरावतीच्या गाडीत बसले. प्रवासात देवानंदनं एक निश्चय केला. आपण खोटं बोलायचं नाही. विचारतील तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं आणि दहा मिनिटं ढकलायची.

सभागृह भरलेलं होतं. टाळ्या कमी पडू नयेत म्हणून गोपालनं हिवरखेडहून दोन गाड्या भरून माणसं आणली होती. तानुबाईंना कळवायचं नाही, अशी त्यानं सगळ्यांना ताकीद दिली होती. त्यामुळे तानुबाईंना सगळ्यात आधी कळलं होतं. नवं पातळ नेसून त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

वेशभूषेचा पुरस्कार झाला, रंगभूषेचा झाला, कॅमेऱ्याचा झाला, संकलनाचा दुसऱ्याच कुणाला गेला. मग ध्वनीच्या पुरस्कारासाठी कुर्बानभाई उठले. कुर्बानभाई अचलपूरचे. पस्तीस वर्षं टॉकीजमध्ये मशीन चालवलेले, परीक्षक मंडळातले आवाजाचे जाणकार. त्यांनी मानपत्र वाचलं.

"'स्टुडिओतला बनावट आवाज न वापरता, प्रत्यक्ष जागेवर जाऊन टिपलेलं म्हशीचं अस्सल रेकणं, हे या ध्वनिमुद्रणाचं वैशिष्ट्य होय.'" मग कागद बाजूला ठेवून ते आपल्या मनानं बोलले, "भाई, पस्तीस बरस में बहोत आवाज सुने. पन या म्हशीच्या आवाजात मट्टी आहे. असा आवाज मानसाले काढता येत नाई."

गोपालनं छाती काढून ट्रॉफी घेतली. वर्षालीनं देवानंदकडे पाहिलं. देवानंदनं आपल्या बुटांकडे.

कारण मोगरा त्या दिवशी गच्चीवर एक अक्षर बोललेली नव्हती. ती नुसतीच कठड्यावरून बघत होती. नायिकेच्या प्रश्नाला उत्तर पाहिजे, असं देवानंदला संकलन करताना वाटलं. त्यानं एका दुपारी न्हाणीघरात शिरून, रिकाम्या बादलीत तोंड घालून एकोणीस वेळा रेकून पाहिलं होतं, आणि एकोणिसावं रेकणं चित्रपटात घातलं होतं. ध्वनीच्या रकान्यात गोपालनं स्वतःचं नाव टाकलं, ते चित्रीकरणाच्या वेळी माइकची काठी धरून उभा होता म्हणून. थोडक्यात, खऱ्या म्हशीला खोटी म्हणून एक पुरस्कार मिळाला होता आणि खोट्या आवाजाला खरा म्हणून दुसरा.

"आणि आता," प्राजक्ताताई माइकवर म्हणाल्या, "ज्यांची आपण सगळे वाट पाहत होतो ते देवानंद इंगळे!"

देवानंद व्यासपीठावर गेला. त्यानं लॅपटॉप जोडला आणि फाइल उघडली. भल्यामोठ्या पडद्यावर त्यांची म्हैस आली. प्रवासात तिला काय झालं होतं कोण जाणे, पण ती चारी पाय वर करून उताणी पडली होती.

"हे... पहिली अवस्था आहे," देवानंद म्हणाला. हिवरखेडच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मग पडद्यावर ते अकरा सेकंदांचं दृश्य दाखवण्यात आलं. मोगराचं डोकं वर आलं, तिनं नायिकेकडे पाहिलं, आणि सभागृहात तो आवाज घुमला. टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राजक्ताताई वही उघडून प्रश्न विचारायला बसल्या.

"म्हैस कठड्यामागे हळूहळू वर चढते, तिची हालचाल तुम्ही कशी ठरवलीत?"

"मी नाही ठरवली," देवानंद मनापासून म्हणाला. "ती स्वतःच चढली."

"अच्छा! म्हणजे तिला तुम्ही स्वतः निर्णय घेऊ दिलात!" प्राजक्ताताईंनी लिहून घेतलं. "आणि माशी? माशी वेगळ्या थरावर आहे?"

"कानावर आहे. तिले कोनी बोलावलं नव्हतं. ती आपोआप आली."

"ऐकलंत?" प्राजक्ताताई सभागृहाकडे वळल्या. "ही नम्रता बघा. आमच्याकडे एका माशीमागे सहा माणसं बसतात. मित्रहो, जी म्हैस जगात अस्तित्वातच नाही, तिच्यासाठी या माणसानं..."

"नाई कशी?"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. तानुबाई उभ्या राहिल्या होत्या.

"अस्तित्वात नाई कशी वो बाई? सकाळी चार लिटर काढून आली मी तिचं. मोगरा आहे ते माही!"

सभागृह खळखळून हसलं. गोपाल खुर्चीत इतका खाली घसरला की नुसती ट्रॉफी दिसत राहिली. प्राजक्ताताईंनी मात्र हात जोडले.

"मावशी, तुम्हाला ती आपल्या घरची वाटली, याहून मोठं प्रमाणपत्र या कलाकाराला कुणी देऊ शकणार नाही."

"वाटली म्हंजे?" तानुबाई रांगेतून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी मोबाइलवरचा मोगराचा फोटो बाईंच्या नाकासमोर धरला. "हे पाहा. कपायावर पांढरा ठिपका. डावं शिंग असं वाकडं. हे पाहा, अन् ते पाहा."

प्राजक्ताताईंनी फोटो पाहिला, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा फोटो पाहिला. "तंतोतंत! देवानंदजी, म्हणजे या म्हशीला समोर ठेवून तुम्ही अभ्यास केलात. काय ही मेहनत!"

खरं सांगावं तितकं समोरची बाई जास्तच खूश होत होती. चिडलेल्या तानुबाईंनी शेवटी दुसरीकडून घाव घातला.

"बरं, राहू द्या. म्हैस तुमी बनवली म्हना. पन तो आवाज माह्या मोगराचा नाई, हे मी आत्ताच सांगून ठेवतो! तिचा आवाज कसा बारीक आहे, खानदानी. अन् हा कसा आहे? एखाद्या हल्याचा गळा दाबल्यावानी! माह्या म्हशीची अशी बदनामी कावून करून राहिले तुमी?"

कुर्बानभाईंनी चष्मा काढला.

देवानंदनं त्या दिवशी बरंच सोसलं होतं. संकलनाचा पुरस्कार दुसऱ्याला मिळताना त्यानं टाळ्या वाजवल्या होत्या. जे केलं नाही त्याची स्तुती खाली मान घालून ऐकली होती. पण सबंध चित्रपटात जे एक काम त्यानं स्वतःच्या छातीतून काढलं होतं, त्याला रेड्याचा गळा म्हणावं?

"हल्या कावून म्हनता?" तो माइकमध्येच ओरडला. "एकोणीस वेळा घेतला तो आवाज! न्हानीघरात! बादलीत तोंड घालून! आठ दिवस घसा बसला होता माहा!"

सभागृहात कुणाच्या तरी हातातली पाण्याची बाटली खाली पडून घरंगळत गेली, ती शेवटपर्यंत ऐकू आली.

"तुमचा?" कुर्बानभाई सावकाश उठले. "तो आवाज... तुमचा आहे?"

आता मागे फिरायला जागा नव्हती. देवानंदनं दोन्ही तळहात तोंडाभोवती बादलीसारखे धरले, मान वर केली आणि तो रेकला. तो रेकला ते मनापासून रेकला. अकरा महिन्यांचं सगळं त्यात आलं. मागच्या रांगेत एक तान्हं मूल रडायला लागलं, आणि सभागृहाबाहेर गिला वडा तळणाऱ्यानं झारा हातात घेऊन दारातून डोकावून पाहिलं.

कुर्बानभाई दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते. "मेरे मालिक! पस्तीस बरस में पैली बार फसलो मी!"

प्राजक्ताताई मात्र वहीतली पानं उलटत होत्या. "आवाज तुमचा," त्या हळूच म्हणाल्या. "मग म्हैस?"

"ती तानुबाईची," देवानंद म्हणाला. आणि कडब्यापासून लुगड्यापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. सर्टिफिकेटच्या फॉर्मचंही सांगितलं. गोपालची ट्रॉफीसुद्धा आता खुर्चीआड दिसेनाशी झाली होती.

परीक्षक मंडळ दहा मिनिटं पडद्यामागे गेलं. परत आलं तेव्हा प्राजक्ताताईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्या हसत होत्या. "अकरा सेकंदांच्या दृश्यावर मी चार पानं लिहिली," त्या म्हणाल्या. "त्यातली दोन माशीवर आहेत. ती मी फाडणार नाही. यंदा दृश्य-परिणामांचा पुरस्कार कुणालाही नाही. ध्वनीचा पुरस्कार चुकीच्या हातात गेलाय, तो योग्य हातात देते." कुर्बानभाईंनी स्वतः जाऊन गोपालच्या मांडीवरची ट्रॉफी उचलली आणि देवानंदच्या हातात ठेवली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी गोपालला पत्र. परवानगीचा कागद येईपर्यंत म्हशीचं दृश्य दाखवता येणार नव्हतं. थिएटरवाले म्हणाले, म्हैस नसेल तर आम्हाला जावईही नको. गोपालनं माफीनामा दिला, दंड भरला, गुरांच्या डॉक्टरचा दाखला मिळवला. आता फक्त म्हशीच्या मालकाची सही राहिली होती.

"सही करतो न," तानुबाई म्हणाल्या. "पन सिनेमात मोगराचा सोताचा आवाज पायजे. त्या कंप्युटरवाल्या भाऊले पाठवा."

देवानंद माइक घेऊन हिवरखेडला गेला. तानुबाईंच्या गोठ्यात तो दोन दिवस बसला. मोगरा खाई, रवंथ करी, त्याच्याकडे बघे, पण तोंडातून आवाज म्हणून काढत नसे.

"सध्या नाराज आहे ते," तानुबाई म्हणाल्या. "तिचं पिल्लू, वगार, माह्या लेकीकडे देली, तेव्हापासून दूधही चोरून राहिली."

तिसऱ्या दिवशी सकाळी देवानंदची सहनशक्ती संपली. तानुबाई बादली घेऊन धारेला बसल्या होत्या. त्यानं माइक बाजूला ठेवला, हात तोंडाभोवती धरले आणि मोगराच्या कानापाशी जाऊन रेकला.

मोगरानं मान वळवली. दोन्ही कान पुढे केले. मग ती इतक्या मोठ्यानं रेकली की वळचणीच्या चिमण्या उडाल्या. देवानंदनं उत्तर दिलं. तिनं त्याला उत्तर दिलं. दोघांचं असं चाललेलं असताना खाली बसलेल्या तानुबाई एकदम ओरडल्या, "थांबू नका भाऊ, थांबू नका! पान्हवली! पान्हवली माय माही!"

त्या दिवशी मोगरानं साडेपाच लिटर दूध दिलं. तानुबाईंनी कागदावर जिथं जागा दिसेल तिथं सह्या केल्या. आवाज कुणाचा ठेवायचा, हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. चित्रपट पुन्हा लागला आणि चालला.

आता अकोल्यात रोज सकाळी पावणेसहाला देवानंदचा फोन वाजतो. वर्षाली चहाचं आधण ठेवता ठेवता तो उचलते आणि त्याच्या तोंडाशी धरते. तो डोळे न उघडता, अंथरुणातूनच तीन वेळा रेकतो. शेजाऱ्यांनी गजर लावणं सोडून दिलंय. पलीकडून काही वेळ नुसत्या बादलीत पडणाऱ्या धारा ऐकू येतात.

परवा मात्र धारा लवकर थांबल्या आणि तानुबाई फोनवर आल्या.

"भाऊ, राग नका मानू," त्या म्हणाल्या, "पन आज मन लावून नाई वरडले तुमी. पाव लिटर कमी भरलं."

देवानंद उठून बसला, दोन घोट पाणी प्यायला, घसा खाकरला आणि म्हणाला, "धरा पुन्हा. आनखी एकदा घेतो."